जीवरामचं बूड आणि आरटीओचा आठ

…आणि तोंड वर करून मला म्हणतो कसा, "काका, तुम्हाला गाडी वळवता येत नाही!" मला? मला गाडी वळवता येत नाही? अहो, त्या आरटीओच्या साहेबाच्या मिशीला अजून नीट रंग चढला नव्हता, तेव्हापासून मी चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन मागं लटकवून रोज सकाळी अठ्ठावीस वळणं घेतोय! रोज! दिवाळी नाही, लग्न नाही, सुतक नाही. म्हशीला काय सुतक असतं का हो? ती दूध देते म्हणजे देते, आणि दूध दिलं की ते दोंडाईच्याला पोचायला पाहिजे, नाहीतर त्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बावीस वर्षं हे चाललंय. बावीस वर्षांत एक थेंब रस्त्यावर नाही. आणि हा पोरगा हातात पाटी धरून, त्या पाटीवर फुली मारून मला म्हणतो, गाडी वळवता येत नाही!

माझं नाव जीवराम. आमचं गाव दोंडाईच्यापासून बारा किलोमीटर. सकाळी मी चार वाड्यांवरून दूध गोळा करतो आणि सोसायटीच्या शीतकरण केंद्रावर नेऊन घालतो. याला आमच्याकडं लाईन म्हणतात. जीवरामची लाईन. कुणालाही विचारा. आता दोन कॅन लावलेली गाडी तुम्ही कधी चालवली आहे का? नाही ना? मग ऐका. मागं दोन्ही बाजूंनी भरलेले कॅन, म्हणजे गाडी मागून एखाद्या बाळंतिणीसारखी रुंद. वळणावर ती झुकवायची सोयच नाही, कारण झुकवली की कॅनचा बुडखा रस्त्याला घासतो. आणि दूध! दूध काय गप्प बसतं? गाडी उजवीकडं कलली की बठ्ठं, म्हणजे सगळं दूध उजवीकडं धावतं, म्हणतं चल मी पण येतो. मग करायचं काय? गाडी ठेवायची सरळ, काठीसारखी, आणि आपण सरकायचं. उजवं वळण आलं की उजवं बूड सीटच्या बाहेर हवेत, डावं बूड सीटच्या काठावर, गुडघा बाहेर, खांदा आत. गाडी सरळच्या सरळ राहते आणि गोल फिरते, एकदम लोण्यातून सुरी! म्हणून मी सगळ्यांना सांगत आलोय, तुम्हालाही सांगतो, गाडी हँडलनं वळत नाही, गाडी वळते ती बुडानं!

खोटं वाटतं? माझी पॅंट बघा. माझी कुठलीही पॅंट बघा. मागून डावीकडून झिजलेली. आमचा शिंपी पुना, तो तर नवीन पॅंट शिवतानाच डावीकडं आतून दुहेरी कापड लावतो, विचारतसुद्धा नाही. कारण माझ्या लाईनीतलं मोठं वळण, ते चिंचेचं, ते उजवं आहे. चिंचेचं वळण म्हणजे वरच्या वाडीवरून खाली उतार, उताराच्या शेवटी चिंच, आणि चिंचेला वळसा घालून रस्ता असा काही मागं फिरतो की स्वतःचीच पाठ दिसावी. तिथं मी बावीस वर्षं पडलो नाही. आता पुढचं ऐका म्हणजे तुमचं पण डोकं फिरेल.

झालं काय, पलीकडच्या तालुक्यात कुठल्यातरी दूधवाल्याला ट्रकनं उडवलं. बिचारा वाचला, पण विमावाल्यांनी लायसन मागितलं, आणि लायसन नव्हतं. झालं! आमच्या सोसायटीचे चेअरमन, आम्ही त्यांना नाना म्हणतो, नानांनी मीटिंग बोलावली. नानांचा आवाज असा, सर्दी झालेल्या लाऊडस्पीकरसारखा. "मंडळी, दोन महिन्यांनी येणाऱ्या एक तारखेपासून ज्याच्याकडं लायसन त्याचीच लाईन! ज्याच्याकडं नाही त्याची लाईन रतिलालच्या पिकअपला!" आणि सगळे फिरून माझ्याकडं बघायला लागले. कारण लायसन नसलेला मी एकटा! अहो, काढायचं राहून गेलं! आधी वाटलं कशाला, मग वाटलं पुढच्या वर्षी, आणि मग कुणी विचारलंच नाही. दूधवाल्याला कोण अडवतो? पोलीससुद्धा कॅन बघितले की हात वर करतो. आणि हा रतिलाल, त्याची पिकअप तुम्ही पाहा एकदा. दरवाजा सुतळीनं बांधलेला, मागचा दिवा एकच, आणि तोही त्याच्या मर्जीनं लागतो. पण लायसन आहे! कोपऱ्यात बसून गालात हसत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

लाईन गेली म्हणजे काय जातं तुम्हाला कळतंय ना? नुसतं काम नाही जात हो. वरच्या वाडीची गुंताबाई आहे, ती पहाटे ओट्यावर उभी राहते, माझ्या गाडीचा आवाज आला की तांब्या घेऊन बाहेर येते. दुसऱ्या कुणाला दूध घालत नाही. म्हणते, "जीवराम भाऊ, तू मोजी लेस ते माले पटस." बावीस वर्षांत त्या बायांनी माझं मोजमाप पुन्हा मोजलं नाही. ते मी रतिलालला देऊन टाकू? त्या सुतळीवाल्याला?

म्हणून काढायला घेतलं लायसन. शिकाऊ लायसन तर मिळालं, त्या रस्त्यावरच्या निशाण्याबिशाण्या माझ्या मोनालीनं पाठ करून घेतल्या. मोनाली माझी मुलगी, कॉलेजला आहे, तिच्याकडं लायसन दोन वर्षांपासून, पहिल्याच फेरीत पास. तर मग महिन्यानं मी निघालो धुळ्याला परीक्षा द्यायला. कसा निघालो? गाडीवर! साठ किलोमीटर! बरोबर शेजारचा लायसनवाला मागं बसवला, नियम म्हणजे नियम, आणि हे बघा, मी गाडीला पुढंमागं लाल एल चिकटवलेला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! वाटेत वळणं किती? मोजली नाहीत, पण एकाही वळणावर पाय टेकला नाही. बुडानं वळवत गेलो, शेजारी मागून ओरडतोय, "जीवराम, सरळ बस ना रे, मी पडेन!" धुळ्याला पोचलो तर साहेब म्हणतो, "ते मागचं लोखंड काढा." कॅन अडकवायची जाळी! म्हटलं, साहेब, ते गाडीचंच अंग आहे, बावीस वर्षांपासून आहे. "काढा." काढली. गाडी अशी हलकी झाली की मला वाटलं माझ्याखालून कुणी म्हैस काढून शेळी ठेवली.

आणि मैदानावर काय? पांढऱ्या पट्ट्यांनी काढलेला आठ. आपला मराठी आठ नव्हे, तो बरा असता, एकच वाकण! इंग्रजी आठ. दोन वर्तुळं एकमेकांना चिकटलेली, आणि वर्तुळं एवढीशी, आमच्या घरचं मोठं पातेलं त्याच्यापेक्षा मोठं असेल. "यातून फिरा. पाय टेकायचा नाही. पट्टी ओलांडायची नाही." ठीक आहे! मी गिअर टाकला, पहिलं वळण आलं, मी नेहमीप्रमाणं बूड उजवीकडं काढलं, गाडी ठेवली सरळ… आणि गाडी सरळच गेली! सरळ! पट्टी ओलांडून, साहेबाच्या खुर्चीच्या दिशेनं! साहेब उठला, खुर्ची पडली, माझा पाय टेकला. आणि तेव्हा तो म्हणाला ते वाक्य. "काका, तुम्हाला गाडी वळवता येत नाही." मी म्हटलं, "साहेब, कॅन लावून देऊ का परीक्षा? दूध भरून आणतो. तुम्हीच बघा, एक थेंब सांडला तर मी गावाकडं पायी जाईन." तर म्हणतो, "परीक्षेत सामान चालत नाही." सामान? दूध म्हणजे सामान? सात दिवसांनी परत या म्हणे! मागं वळून बघतो तर एक अठरा वर्षांची पोरगी, ओढणी कानाला गुंडाळून, सगळा आठ फिरून गेली सुद्धा. मी जाळी बांधत बसलो.

घरी आलो तर लताबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, दारातच. "काय व्हयनं?" मी तोंड धुवायला मोरीकडं वळलो. तिला कळलं. मग जे हसली! "तुमले आते गाडी येस नही का?" अहो, लग्नानंतर मी हिला याच बुडाच्या जोरावर माहेरी नेत होतो! तिला सांगितलं, गाडी वळते ती बुडानं. तर म्हणाली, "माले वाटे नशीबनी वळस!"

तेवढ्यात मोनाली आली. ही पोरगी, तुम्हाला सांगतो, तिच्या आईसारखी हसत नाही, ती समजावते. त्याचा जास्त राग येतो. "पप्पा, तुमचं चुकत नाही, पण तुमचं वेगळं आहे. तुम्ही वेगात असताना किंवा कॅन भरलेले असताना अंग आत घालता, गाडी सरळ ठेवता. बरोबर आहे ते. पण आठ हळू असतो. हळू असताना उलटं. गाडी आत झुकवायची, आणि अंग तिच्या उलट्या बाजूला, बाहेर. गाडी खाली, तुम्ही वर." उलटं! माझ्या बुडाला बावीस वर्षांनी सांगायचं की उलटं कर! आणि वरून तिनं मोबाइल काढला. "हे बघा पप्पा." मोबाइलमध्ये एक गोरा माणूस, चामड्याचा डगला, गाडीवरून अर्धा बाहेर लटकलेला, गुडघा रस्त्याला घासतोय, खांदा आत, बूड हवेत. मी बघतच राहिलो. अहो, हा तर मी! हा तर चिंचेच्या वळणावरचा मी! फक्त कॅन नाहीत आणि पुनानं लावलेलं दुहेरी कापड नाही! त्याला ढाल मिळते, हार मिळतो, लोक टाळ्या वाजवतात. आणि मला? मला फुली! हा कुठला न्याय? त्यानं केलं ते कौशल्य, मी केलं ते "पाय टेकला"?

"पप्पा, तो वेगात आहे," मोनाली म्हणाली.

म्हटलं, "मग साहेबाला सांग, आठ वेगात घेऊ दे."

"वेगात घेतला तर तुम्ही आठातून निघून नऊत जाल." आणि मग आई आणि मुलगी दोघी हसल्या. माझ्याच घरात, माझ्याच गाडीवर.

मग सराव सुरू झाला. बाजाराच्या मैदानावर मोनालीनं चुलीच्या राखेनं आठ काढला. संध्याकाळ झाली की जाळी काढायची आणि फिरायचं. फिरायचं कसलं, पाय टेकायचा. पहिल्या दिवशी मी पंधरा वेळा पाय टेकला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर माणसं बसायला लागली. तिसऱ्या दिवशी चहावाल्यानं तिथं गाडा आणला! हो! माझ्या आठावर त्याचा धंदा! आणि प्रत्येकाकडं सल्ला. कुणी म्हणतो "गुडघे टाकीला दाब", कुणी म्हणतो "मागचा ब्रेक किंचित दाबून ठेव", कुणी म्हणतो "श्वास रोख". एक आबा काठीवर हनुवटी टेकवून म्हणतात, "जीवराम, बठ्ठा गाव देखी ऱ्हायना, तू मान खाली घालू नको." तो सल्ला नव्हता हो, ते हिणवणं होतं. पण गंमत बघा, तोच खरा निघाला! कारण मोनाली मैदानाच्या मधोमध उभी राहून एकच ओरडत होती: "पप्पा, मान! चाकाकडं बघू नका! जिथं जायचंय तिथं बघा!" मी चाकाकडं बघायचो. का बघायचो? कारण बावीस वर्षं मी खड्डे चुकवतोय! खड्डा कुठं असतो? चाकाखाली! पुढं बघून वळायला आमचा रस्ता काय धुळ्याचं मैदान आहे? पण पोरीचं ऐकलं. मान वर केली, पुढच्या वळणाच्या टोकाकडं बघितलं, गाडी खाली दाबली, अंग बाहेर ठेवलं… आणि गाडी फिरली! अशी फिरली की माझं मलाच नवल वाटलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्याचं तोंड उतरलं. आणि बूड? बूड आत जायला निघालं होतं, मी त्याला दम दिला: गप्प बस!

दुसऱ्या खेपेला धुळ्याला नापास. दुसऱ्या वर्तुळात बूड आपल्या आप सरकलं. जित्याची खोड! मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. साहेबानं फुली मारली आणि माझ्याकडं न बघता पुढच्याला हाक मारली. ते जास्त लागलं. घरी येताना एका वळणावर थांबून मी बुडाला खरंच बोललो, "एक तारीख चार दिवसांवर आलीय. माझी लाईन जाणार. गुंताबाई कुणाला दूध घालणार?" मागं बसलेला शेजारी म्हणाला, "कोणाशी बोलतोस?" सांगितलं असतं तर तो उतरून बसनं गेला असता.

नानांकडं गेलो, हात जोडले, म्हटलं सात दिवस लांबवा. नाना म्हणाले, "जीवराम, मुदत दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल." सगळे कोण? मी एकटाच तर आहे! पण नाना विरघळले, एक आठवडा दिला. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. सकाळी कॅन लावून बूड आत, संध्याकाळी कॅन काढून बूड बाहेर. एकाच माणसाच्या एकाच बुडानं दिवसातून दोन वेळा पक्ष बदलायचा! राजकारणातला माणूससुद्धा एवढं लवकर बदलत नाही हो. जेवायला बसलो तरी मी डावीकडं कलायचो. लताबाई म्हणायची, "पाट वाकडा शे का?"

आणि तिसऱ्या खेपेला, तुम्हाला सांगतो, मान वर, गाडी खाली, अंग वर. दोन फेऱ्या! पट्टीला धक्का नाही, पायाला माती नाही! साहेब स्वतः उठला, म्हणाला, "काका, छान फिरवली." मोनाली कुंपणापाशी उड्या मारत होती. गावात पेढे वाटले. नानांनी सोसायटीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जीवरामची लाईन जीवरामकडंच." रतिलालनं दोन पेढे खाल्ले, तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं. मी त्या रात्री झोपलो ते लहान मुलासारखा.

आणि सकाळी… आता हसू नका. सकाळी लाईनीवर निघालो. चारही वाड्या झाल्या, दोन्ही कॅन गच्च भरले, गुंताबाईनं मुठीत साखर दिली लायसनची म्हणून. उतार उतरलो, चिंच आली. हळूच होतो, शपथेवर सांगतो, एकदम हळू. आणि हळू म्हटल्यावर अंगानं काय केलं असेल? मान वर! वळणाच्या टोकाकडं नजर! गाडी खाली! अंग वर! झकास आठ! साहेबानं पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. आणि उजवा कॅन रस्त्याला घासला, कर्रर्र, आत दूध म्हणालं चल मी पण येतो… आणि मग मी कुठं, गाडी कुठं, कॅन कुठं! ऐंशी लिटर दूध चिंचेखाली पसरलं. कॅन माझ्या उजव्या पायावर. गावातली कुत्री, देव जाणे त्यांना कुणी निरोप दिला, सगळी हजर. वाडीवरच्या बाया धावत आल्या, गुंताबाई सगळ्यांत पुढं, आणि मला कळवळून काय विचारावं? "जीवराम भाऊ, दूध कोठे शे?" अहो बाई, पाय कुठं आहे ते तरी विचारा!

पाय मोडला. नडगीत. सहा आठवड्यांचं प्लास्टर. आणि माझं नशीब बघा, तेवढ्यात मागून हॉर्न. कोण? सुतळीचा दरवाजा! रतिलाल! मला उचलून गाडीत घातला, दवाखान्यात नेला, डॉक्टरसमोर स्वतःची सही केली, बाहेर दोन तास बसून राहिला. आता त्याला शिव्या पण देता येत नाहीत! नाना म्हणाले, लाईन जीवरामचीच, कागद पक्का आहे, फक्त सहा आठवडे गाडी रतिलालची. पण वाडीवरच्या बाया ऐकेनात. रतिलालनं माप धरलं की गुंताबाई तांब्या पदराआड घेते. "जीवराम भाऊ उना ते दूध, नही ते नही." म्हणजे मला पण जावंच लागलं. आता मी रोज सकाळी रतिलालच्या पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर बसतो, प्लास्टरचा पाय पुढं लांब टाकून, मापटं मांडीवर घेऊन, आणि बायांचं दूध मोजतो.

ते सगळं ठीक आहे हो. पण चिंचेचं वळण आलं की काय होतं? पिकअप वळते, आणि माझं बूड, जे धुळ्याला नको तेव्हा सरकलं आणि चिंचेपाशी हवं तेव्हा सरकलं नाही, ते आता बरोबर उजवीकडं सरकतं! थेट रतिलालच्या मांडीवर! गिअरवर! खांदा आत, गुडघा बाहेर, प्लास्टरसकट! गाडी गचके खाते, रतिलाल ओरडतो, "जीवराम भाऊ! चार चाकं आहेत हो! ही तुमच्याशिवाय वळते! तुम्ही फक्त खिडकी धरा!"

धरतो. काय करणार? माझं लायसन दोनच चाकांचं आहे.